सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस?

सायकलबद्दल वाचक जे विचारतात त्याची उत्तरं दर महिन्याला या पानावर असतात. गेल्या अंकात चाकाच्या मापाचा ओझरता उल्लेख केला आणि टेबलावर त्याच विषयाच्या पत्रांचा ढीग झाला. म्हणून या वेळी फक्त माउंटन बाइकचं चाक. गिअर, गुडघे आणि पावसाळी गंज पुढच्या महिन्यात.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 9 इंच. 2010 साली घेतलेली 26 इंची माउंटन बाइक अजून ठणठणीत आहे. रविवारी आम्ही वेताळ टेकडीवर जातो. गटातल्या सगळ्यांनी एकेक करत 29 घेतली आणि आता दगडधोंड्यांच्या पट्ट्यात ते पुढे निघून जातात. माझे पाय त्यांच्यापेक्षा कमजोर नाहीत. हा फरक चाकाचा की माझ्या मनाचा?
— मागे पडलेला, कोथरूड

चाकाचा आहे. पण किती आणि कुठे ते नीट बघू या. या तीन आकड्यांबद्दल दुकानात जे ऐकवलं जातं त्यातलं निम्मं हवेतलं असतं.

आधी माप. 26, 27.5 आणि 29 हे टायरसकट चाकाचे ढोबळ इंच. मेकॅनिक बघतो तो टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला दुसरा आकडा : 559, 584, 622. रिमवर टायर जिथे बसतो तिथला हा मिलिमीटरमधला व्यास. 26 वरून 27.5 वर गेलं की तो 25 मिमीने वाढतो, 27.5 वरून 29 वर गेलं की 38 मिमीने. म्हणजे 27.5 बरोबर मध्ये बसत नाही, ती 26 च्या बाजूला झुकलेली आहे. 27.5 घेऊन ‘फारसं काही वेगळं वाटलं नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार रास्त असते.

आता दगड. टायरसकट 26 ची त्रिज्या साधारण 33 सेंमी, 29 ची 37. समोर 10 सेंमीची खडकाची पायरी आली. चाक तिच्या कडेला टेकतं तेव्हा एक्सल (चाकाच्या मधला आस) त्या कडेपासून आडवा किती मागे असतो, ते शाळेतल्या पायथागोरसने काढता येतं. 26 ला सुमारे 23.7 सेंमी, 29 ला 25.3. दोघांनाही चढायचंय 10 सेंमीच, पण 29 ला ते थोड्या जास्त अंतरात चढायला मिळतं. चढ सहा-साडेसहा टक्क्यांनी सौम्य झाला. एका पायरीला हे काहीच नाही. पण टेकडीवर एक पायरी कधी असते? प्रत्येक दगडावर तुमचा वेग थोडा जास्त मरतो आणि तो परत मिळवायला तुम्ही थोडं जास्त पायडल मारता. शंभर मीटरच्या पट्ट्यात त्याची बेरीज दिसते. शिवाय दोन दगडांमधल्या फटीत मोठं चाक कमी रुततं, आणि जमिनीला टेकणारा पट्टा किंचित लांबट असल्याने चढावर मुरमात मागचं चाक जागच्या जागी कमी फिरतं. एक गोष्ट तपासून बघा : पायथ्याच्या डांबरी चढावर हेच मित्र पुढे जातात का? माझा अंदाज, नाही.

मोठ्या चाकाला मोजावी लागणारी किंमतही आहे. रिम 11 टक्क्यांनी लांब, टायर तेवढाच लांब, स्पोकही लांब. कडेवरचं वजन पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, त्यामुळे वेग घेताना ते जवळजवळ दुप्पट मोजलं जातं. हे खरं असलं तरी कुठल्याही मापाच्या चाकाला लागू आहे. ‘29 ला पिकअप नाही’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. काही शे ग्रॅमचा फरक आणि तुम्ही-सायकल मिळून ऐंशी-नव्वद किलो. खरा फरक पडतो तो वळवताना. फिरतं मोठं चाक एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकायला जास्त जोर लागतो. गिरिपुष्पाच्या खोडांमधून डावी-उजवी, डावी-उजवी अशी अरुंद वाट येते तिथे तुमची 26 मित्रांच्या पुढे असणार. नसेल तर मग पायांकडे बघायला हवं.

गिअरचंही सांगून ठेवते, कारण 29 घेतल्यावर हमखास येणारी तक्रार तीच. पायडलच्या एका फेरीत मोठं चाक 10-11 टक्के पुढे जातं. 26 वर 32 दात्यांची पुढची चकती तुम्हाला चढावर जमत असेल, तर 29 वर तोच जोर 29 दात्यांच्या आसपास येतो. नवी सायकल ‘जड जाते’ असं वाटतं त्यातला मोठा भाग हा असतो.

आणि आता जे दुकानदार सांगत नाही ते. तुमच्या 2010 च्या आणि मित्रांच्या आजच्या सायकलीत चाक ही एकच गोष्ट बदललेली नाही. तेव्हा हँडल 620-660 मिमीचं असायचं, आता 740-780. स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, 90-100 मिमीचा असायचा, आता 50-60. पुढचं चाक धरणारा चिमटा तेव्हा 70-71 अंशांत उभा असायचा, आता 66-68 अंशांत पुढे पसरलेला. उतारावर जी स्थिरता मित्र चाकाच्या खात्यात जमा करतात, तिच्यातला बराच वाटा या तीन गोष्टींचा आहे. म्हणून आधी खर्चाच्या चढत्या क्रमाने जा. टायरमधली हवा कमी करा. पंपवाल्याकडून 40 पीएसआय भरून टेकडीवर जात असाल तर चाक कुठलंही असो, ते दगडावर उडणारच. मग 2.25 रुंदीचे चांगले टायर. ट्यूबलेस जमलं तर उत्तम, कारण आपल्याकडे बाभळीचा काटा प्रत्येक मापाच्या चाकाला सारखाच भेटतो आणि टायरमध्ये ओतलेलं, भोक बुजवणारं सीलंट तो निमूटपणे पचवतं. मग रुंद हँडल आणि आखूड स्टेम. एवढं करून एका रविवारी मित्राची 29 मागून घ्या आणि तोच पट्टा चालवा.

घ्यायचीच ठरली तर तुमच्या उंचीला 29. यात मला शंका नाही. जुनी मात्र विकू नका, तिचे कोणी काही देणार नाही.

प्रश्न : 26 च्या फ्रेममध्ये 29 ची चाकं बसवता येतील का? मेकॅनिक म्हणतो ‘बघू’.
— काटकसरी, ठाणे

बघू नका. त्रिज्येत 31 मिमी वाढ म्हणजे मागचा टायर फ्रेमला घासणार आणि पुढचा, शॉक पूर्ण दबला की, चिमट्याच्या मुकुटाला धडकणार. ते उतारावर झालं तर तुम्ही हँडलवरून पुढे. रिमवर पकडणारे ब्रेक असतील तर त्यांचे गट्टे त्या उंचीवर पोचणारच नाहीत. डिस्क ब्रेक आणि ऐसपैस फ्रेम असेल तर 27.5 काही वेळा बसते, तेही बारीक टायरने. मग मोठ्या चाकाचा फायदा बारीक टायरने खाल्ला. पैसे ठेवा.

प्रश्न : ताई, माझी उंची 5 फूट. अंजनेरीच्या बाजूला सायकल चालवते. ‘आता सगळे 29 च घेतात’ म्हणून दुकानदाराने एस मापाची 29 दिली. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. उतारावर मागे सरकले की टायर पँटला घासतो. नवरा म्हणतो, सवय होईल. होईल का?
— वैतागलेली, नाशिक

नाही होणार. नवऱ्याला एकदा त्याच्या मापापेक्षा दोन नंबर मोठे बूट घालून अंजनेरी चढायला सांगा, आणि मग सवयीबद्दल बोलू.

हा माझा स्वतःचा विषय आहे. मी 5 फूट 1 इंच. वर्कशॉपमध्ये दिवसभर लोकांच्या 29 ची आउट काढते आणि संध्याकाळी माझ्या 27.5 वर टांग मारते. त्यामुळे या उत्तरात थोडा पक्षपात आहे, तो धरून वाचा.

फ्रेम लहान करता येते, चाक लहान होत नाही. गडबड इथे आहे. नळ्या कितीही आखूड केल्या तरी 37 सेंमी त्रिज्येचं पुढचं चाक कुठेतरी बसवायचंच असतं. जवळ घेतलं तर बूट लागतो. लांब नेलं तर हँडल हातापासून लांब जातं. त्या चाकावर शॉकचा चिमटा, त्यावर हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी), त्यावर हँडल. उंच माणसाला हे सगळं सीटच्या खाली राहतं. आपल्याला ते सीटच्या बरोबरीने किंवा वर येतं. मग अंग आपोआप मागे झुकतं, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक बाहेर घसरतं. बायका मला सांगतात, ‘मला वळताना भीती वाटते.’ पुष्कळदा ती भीती नसते, पुढच्या चाकावर वजनच नसल्याचं अंगाला कळलेलं असतं.

उतारावरचं घासणं हा दुसरा प्रश्न. सीट खाली करून मागे सरकलं की आपल्या आखूड पायांमुळे बूड आणि मागचा टायर यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. उंच माणसाच्या हे लक्षातही येत नाही.

काही कंपन्यांना हे कळलेलं आहे. उदाहरणार्थ ट्रेक कंपनीची मार्लिन. लहान मापांत 27.5, मोठ्या मापांत 29, मॉडेल तेच. ‘आता सगळे 29 च घेतात’ याला एवढं उत्तर पुरे.

उलट बाजूही सांगायला हवी. ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत आता बायकाही 29 वरच दिसतात, बुटक्याही. पण त्या स्टेम उलटा, खाली झुकणारा लावून हँडल खाली ओढतात. आखूड क्रँक (पायडलची दांडी) लावतात. आणि त्यांना वर्षभर तेच काम असतं. आपल्याला रविवारी सकाळी मजा यायला हवी.

तुम्ही काय करायचं? आधी बिनखर्चाचं : स्टेम उलटा करा, त्याच्या खालच्या रिंगा काढून वर टाका. हँडल दोन-तीन सेंमी खाली येईल. मग क्रँक. एस मापाच्या सायकलीलाही कधी कधी 170 किंवा 175 मिमीचे क्रँक लावून पाठवतात, का ते देव जाणे. 160 किंवा 165 चे लावले की बूट तेवढा मागे येतो आणि गुडघेही दुवा देतात. यावरही जमलं नाही तर सायकल बदला आणि 27.5 घ्या.

तुम्हाला कोणीतरी ‘मलेट’ करायला सांगेल. म्हणजे पुढे 29, मागे 27.5. कल्पना चांगली आहे. 2017 मध्ये लूर्दच्या डाउनहिल वर्ल्ड कपला सांता क्रूझ कंपनीचा संघ 29 घेऊन उतरला, आणि सहा फुटांवरच्या ग्रेग मिनारने त्याच मोसमात फोर्ट विल्यम जिंकलं. उंच नसलेल्यांची पंचाईत झाली : पुढे 29 हवी, पण मागची 29 पार्श्वभागाला लागते. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या, नियमात दोन्ही चाकं सारखी असावी लागत. 2019 पासून ती अट उठली आणि मलेट रुळली. पण 29 साठी बनलेल्या फ्रेममध्ये मागे नुसती 27.5 घातली तर मागचा एक्सल 19 मिमी खाली येतो, पायडलचा आस जिथे बसतो तो बीबी सुमारे 12 मिमी खाली येतो आणि चिमटा जवळजवळ एक अंश मागे झुकतो. आपल्या खडकाळ वाटांवर 12 मिमी म्हणजे पायडल दगडावर आपटणारच. फ्रेममध्ये ही उंची आणि कोन सावरायला फिरवायची चकती दिलेली असेल, किंवा ती मुळातच तशी बनवलेली असेल, तरच त्या वाटेला जा.

प्रश्न : निनो शुर्टरसारखा चॅम्पियन आधी 27.5 चालवायचा, मग 29 वर गेला. म्हणजे 27.5 हरली ना?
— प्रेक्षक, कोल्हापूर

शर्यतीत हरली. 2012 च्या मार्चमध्ये पीटरमारित्झबर्गचा वर्ल्ड कप शुर्टरने 27.5 वर जिंकला आणि सगळ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिक. हॅडली फार्मच्या मार्गावर शेवटच्या सरळ पट्ट्यापर्यंत शुर्टर आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी बरोबर होते. कुल्हावी 29 च्या फुल सस्पेन्शनवर (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक), शुर्टर 27.5 च्या हार्डटेलवर (शॉक फक्त पुढे). एका सेकंदाने कुल्हावी. 2016 ला रिओत शुर्टरने सुवर्ण घेतलं, 29 वर. दीड तासाच्या शर्यतीत दगडागणिक वाचलेला वेग मोजला जातो, त्यामुळे तिथे वाद संपला.

पण त्या एका सेकंदाचं श्रेय चाकाला देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेवटच्या वळणात आत कोण शिरलं, कोणाच्या पायात काय उरलं होतं, हे सगळं त्यात आहे. आणि शर्यत सोडून सायकलवर उड्या मारायच्या, मागचं चाक उचलून वळवायचं, कठड्यावरून उतरायचं, अशा खेळकर माणसाला 29 थोडी मठ्ठ वाटते. ती त्याची आवड आहे. ती घड्याळाने खोडता येत नाही.

प्रश्न : मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो, मूळचा डोंबिवलीचा. मोठं चाक इतकं फायद्याचं होतं तर पहिल्या लोकांनी 26 का घेतली? इथलेच होते ना ते?
— एक वाचक, बे एरिया

तुमच्या शेजारचेच. मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्सजवळ पाइन माउंटनवरून उतरणारी एक मातीची वाट आहे. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी. त्यांच्याकडच्या सायकली म्हणजे तीस-चाळीस सालच्या श्विन, जाडजूड फुग्यासारख्या टायरच्या, भंगारातून स्वस्तात उचललेल्या. श्विनने 1933 मध्ये अमेरिकेत हे फुगीर टायर आणले होते, ते 26 गुणिले 2.125 मापाचे. दगडावर टिकेल असा जाड टायर त्या काळी तेवढाच मिळत होता, म्हणून 26. विचार करून ठरवलेलं काही नाही. मागचा ब्रेक उलट पायडल मारून लागायचा. तो उतारावर इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि खाली आल्यावर नवं भरावं लागायचं. त्यावरून त्या वाटेला ‘रिपॅक’ म्हणतात.

1977 मध्ये ब्रीझने या कामासाठी स्वतःची फ्रेम बनवली तीही त्याच टायरभोवती. मग तैवान-जपानच्या कारखान्यांनी 26 चेच साचे घातले. इंग्लंडात जेफ अ‍ॅप्स नावाचा माणूस 1980 च्या आसपास मोठी चाकं वापरत होता आणि त्याने फिनलंडचे हाक्कापेलिट्टा टायर कॅलिफोर्नियाला पाठवलेही. नोकियाचे टायर, हो, तीच पुढची फोनवाली नोकिया. पण पुरवठा तुटपुंजा, म्हणून गाडं 26 वरच राहिलं. 29 साठीचा पहिला खराखुरा जाड टायर, विल्डरनेस ट्रेल बाइक्सचा नॅनोरॅप्टर, 1999 मध्ये आला. फेअरफॅक्समध्ये सायकलींचं संग्रहालय आहे, त्या जुन्या श्विन तिथे बघायला मिळतील. जाऊन या, आणि रिपॅक चालवलीत तर कळवा.

प्रश्न : वडिलांची जुनी ‘24 इंची’ काळी सायकल मुलाच्या नव्या 29 शेजारी उभी केली. चाकं जवळपास सारखीच! मग 24 कसली आणि 29 नवी कसली?
— चिकित्सक, सांगली

तुमचं पत्र वाचून मी आनंदाने चहा टाकला. ते 24 चाकाचं माप नाही, फ्रेमचं. सीटखालच्या नळीची लांबी 24 इंच. बुटक्या माणसाला 22 ची मिळायची. चाक दोन्हींना एकच, 28 गुणिले दीड. आणि त्या रिमचं माप किती? 635 मिमी. तुमच्या मुलाच्या 29 च्या 622 पेक्षा 13 मिमीने मोठं! टायर बारीक म्हणून बाहेरून चाक किंचित लहान दिसतं, एवढंच. चिमटाही पसरट आणि चाकांमधलं अंतर लांब. खड्ड्यांच्या, मातीच्या रस्त्यांवर गिरणीतून धान्याचं पोतं आणायचं तर मोठं चाक हवं, हे ती सायकल बनवणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

याचा एक व्यवहारी फायदा. मुलगा गावाकडे ट्यूब फाडून बसला तर पंक्चरच्या टपरीत 29 ची ट्यूब मिळणार नाही, पण 28 दीडची नक्की मिळेल. ती 29 च्या टायरमध्ये ताणून बसते आणि घरी आणते. फक्त रिमचं भोक जाड व्हॉल्व्हचं हवं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या भोकात ती शिरत नाही. आणि एक धोका. लेडीज सायकलचा 26 गुणिले एक तीन-अष्टमांश टायर माउंटन बाइकच्या 26 वर बसत नाही. एक 590, दुसरी 559. टपरीवाला दोन्हींना ‘सव्वीस’च म्हणतो.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा, उंची 4 फूट 7 इंच. 24 घ्यावी की ‘पुढे वापरता येईल’ म्हणून 26?
— आई-बाबा, सोलापूर

24. वाढीला लागलेल्या पोराला मोठे कपडे चालतात, मोठी सायकल घाबरवते आणि मग ती गॅलरीत उभी राहते. दोन वर्षांत लहान होईल हे खरं, म्हणून वापरलेली घ्या आणि तशीच पुढे विका. चाकापेक्षा वजन बघा. बाजारात या मापाच्या सायकली नकली शॉक लावून उगाच जड केलेल्या असतात. साधा पक्का चिमटा असलेली हलकी सायकल शोधा. आणि ब्रेकच्या दांडीपर्यंत त्याची बोटं पोचतात का, हे पैसे देण्याआधी दुकानातच त्याला बसवून बघा.